तांबेरा लागलेली मुसळी

१२ जुलै
अन् वरून बायको, मंजू, म्हणते का मी पळून आलो! हैदराबाद सोडलं तवाबी हेच, सुरत सोडलं तवाबी हेच. तुमच्या पायाले चाकं हायत म्हणे, मले संगं न्या नाही तं घरी बसा. पाचवा महिना चालू हाय तिले, अन् जंगलात न्या म्हणते. मी फोनच ठेवला. तिले बोलता येत नाही ते या वहीत लिहून राह्यलो.
गावाहून, खैरलांजीहून, दोन बसा बदलून उकव्याले पोचलो तं जीव हलका झाला. सरईच्या उंच झाडायचं गर्द जंगल, खाली सफेद मुसळीची फुलंच फुलं. ठेकेदारानं इथं ही औषधाची मुसळी लावली, तिची राखण करायची. टिनाची खोली हाय, म्हातारा डोमाजी भात रांधते. माहे मऊ हात पाहून त्यानं इचारलं, मजूर हायेस का जावई?

१५ जुलै
डोमाजीनं काम दाखवलं. काही झाडं बाकीच्यायपेक्षा उंच, सरळ, पिवळट. त्यायले फूलच येत नाही. पान पलटवलं तं खाली नारिंगी ठिपके, ओळीनं. गव्हावर येते तसा तांबेरा. अशा झाडावर ओलं पोतं टाकायचं, पोत्यासकट उपटायचं अन् गाडायचं. झटकायचं नाही, हे तीनदा सांगितलं. तांबेऱ्याले एक घर पुरत नाही म्हणे, अर्धा जन्म इथं, अर्धा दुसरीकडं. मी हासलो. म्हटलं, माह्यासारखाच हाय मंग.

१९ जुलै
चूक झाली. लहानपणापासून धानाचे पऱ्हे, लावणीची रोपं, उपटले. उपटलं का मुळं नडगीवर आपटून माती झाडायची, हाताले तेच मालूम. पोतं आणाचा कंटाळा केला अन् पाच-सहा झाडं तशीच आपटली. नारिंगी धूळ उडाली, नाकातोंडात गेली. डोमाजी दुरूनच ओरडला, जवळ आला नाही. जेवण दारातच ठेवून गेला.

२५ जुलै
नडगीवर ठिपके. ओळीनं. दुखत नाहीत, खाजत नाहीत. बोट लावलं तं भुकटी निघते. राखेनं घासलं, सकाळी पुन्हा तेच. उकव्याचा डॉक्टर गजकर्ण हाय म्हणाला, मलम देलं.

३१ जुलै
भूक नाही. पॅन्ट घोट्याच्या वर चार बोटं गेली. आटली असन. पण शर्टाच्या बाह्याबी?
डोमाजीले इचारलं, माह्याआधी कोण होतं. गजेंद्र म्हणे. त्यालेबी असेच ठिपके. त्यानं बायकोले बोलावलं, ती आली, तिलेबी लागलं. आता दोघंबी मुसळीखाली. काहून बोलावलं त्यानं? डोमाजी म्हणे, त्यानं नाही बोलावलं, तांबेऱ्यानं बोलावलं.
मंग इचारते, घरी कोण हाय तुह्या? कोणी नाही म्हटलं.

४ ऑगस्ट
मंजूचा फोन. रडत होती. म्हणे येते, भांडणार नाही, तुमच्याजवळच राहते. ‘ये’ एवढा शब्द जिभेवर आला. मी शिव्या देल्या. इकडं पाय टाकला तं तोडून टाकीन म्हटलं. ते पोट कोणाचं, असंबी म्हटलं. इतका हलकट मी कवाच नव्हतो. जन्मभर माफ करणार नाही ती.
नको करू.

७ ऑगस्ट
जिभेवर ठिपके. दुपारभर उन्हाकडं तोंड करून उभा होतो — कवा उभा राह्यलो मालूम नाही. डोमाजीले म्हटलं, माहा फोन घेऊन जा, फोडून टाक. तो हात लावेना.

९ ऑगस्ट
कोणाले ही वही भेटली तं — खैरलांजीले सांगा — मंजूले इकडं येऊ देऊ न—

११ ऑगस्ट
मंजू, तूच बरोबर होती. राग सोड. इथं सावली चांगली हाय. मी उभाच हाय — वाटच पाहून राह्यलो — तू ये, लवकर — फोनवर बसभाडं टाकून राह्यलो, रुपये दोनशे चाळीस —