चैतरामचा गळा

२८ ऑगस्ट १९३८
चैतरामचा आवाज गेला! सकाळी काट्यावर पहिलं पोतं चढलं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं — आमची रीत. चैतराम तो ‘लाभ’ असा लांबवायचा, की हमाल पाठीवरचं ओझं विसरायचे. आज नुसती घरघर.

दवनीवाड्यात शेताच्या एका धुऱ्यावर वाढलो दोघं. मी दुसऱ्याच्या इंजनात तेल ओतता ओतता या राईस मिलचा मालक झालो, तो माझा मापारी झाला. दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक उभं राहतं, त्यात तो लुगडं नेसून राधा होतो. ती राधा ऐकायला नदीपलीकडून गाड्या येतात!

२ सप्टेंबर
वैद्याकडे नेलं. म्हणे — “इंजनाच्या वर ओरडून गळा सोलला, त्यात कोंडा बसला. दसऱ्यापर्यंत तोंड बंद. काटा मशीनपासून दूर न्या.”

हमालांचा फेरा वाचावा म्हणून काटा धान सडायच्या हलरच्या बाजूला मीच आणला होता. आजच पुन्हा अंगणात, कडुनिंबाखाली नेला. चैतरामनं हातानं विचारलं — मोजू कसा? म्हटलं, “पोत्यामागे एक खडा टाक!” हसला. बिनआवाजाचं हसणं बघवत नाही.

९ सप्टेंबर
इंजन दिवसभर धडधडतं, तरी मिल मुकी वाटते.

१७ सप्टेंबर
सुमित्रा भात वाढताना म्हणे, “काऊन जी ओरडून राहिले? मी का दुसऱ्या गावात बसली हावो?” म्हटलं, मालकाचा आवाज असाच असतो! त्यावर काहीतरी पुटपुटली. हल्ली सगळेच पुटपुटतात.

२५ सप्टेंबर
हलरचं बेअरिंग जायला आलं होतं. पायाखालची फरशी वेगळी थरथरली. हात ठेवला — तापलेलं. मिस्त्री शालीकराम सगळ्यांना सांगत सुटला, “मालकाचे कान म्हणजे कान!” मी नाही म्हटलं नाही. ऐकायला बरं वाटतं.

१२ ऑक्टोबर
बकाराम आला — दंडारीचा म्होरक्या. “दुलीचंदभाऊ, तुमच्या कानावर आमचा भरोसा. चैतराम औंदा राधा करते का नाही, तुमीच सांगा.”

जेवणाच्या सुट्टीत इंजन थांबलं. चैतराम ओट्यावर बसून गवळण गायला. मी डोळे मिटून ऐकलं. जीव कानात आणला! खाली खाली थोडं आलं, खोल विहिरीतून आल्यासारखं. वर चढला तेव्हा काहीच नाही. डोळे उघडले तर बकाराम धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. म्हणजे त्यालाही कळलं.

म्हटलं, “नाही. हा गळा गेला. राधा उदारामले द्या.”

बकाराम माझ्याकडे बघतच राहिला. काही बोलणार होता, चैतरामनं त्याचा हात दाबला. ओठ हलले — “मालक म्हणते, तं नाही.”

मालक! मिल घेतल्यापासून मालकच म्हणतो. आधी दुल्या म्हणायचा.

१३ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही. लहानपणी धान राखायला आम्ही दोन वेगळ्या माळ्यांवर बसायचो. मधे सगळं शिवार. तिकडून तो ‘दुल्याऽऽ’ म्हणायचा, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. तेवढं एकदा ऐकू यावं. फार मागणं नाही.

१९ ऑक्टोबर
उदारामची तालीम चालू आहे म्हणतात. मी गेलो नाही.

२७ ऑक्टोबर
मंडई. गावानं पुढे बसवलं, शेजारी सुमित्रा. ढोलकी छातीत वाजली. उदाराम राधा होऊन आला — जवान माणूस, मिलची पायरी कधी चढलेला नाही. हात कानावर ठेवला, मान उंच केली, तोंड उघडलं.

काही नाही.

मी म्हटलं, “याचाबी गळा गेला का वो?”

अख्खी मंडई माझ्याकडे वळली. ढोलकी थांबली. सुमित्रानं माझा हात धरला, कानाशी तोंड आणलं. “ओरडू नोका जी. चांगला गाऊन राहिला ना तो!”

माणसांच्या कडेला चैतराम उभा होता. रिकाम्या हातानं. त्यानं मान खाली घातली. रागानं नाही. त्याला बाराव्या तारखेलाच कळलं होतं, आणि मला लाज नको म्हणून राधा सोडून दिली.

२८ ऑक्टोबर
इंजन लावू दिलं नाही. कडुनिंबाखाली चैतरामला म्हटलं, “म्हण एकदा.” त्यानं माझा तळहात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला. थरथर उठली, लांबत गेली, लांबतच गेली — हमाल पोती पाठीवर घेऊन तसेच उभे. ‘लाभ.’ मग एक छोटी थरथर आली, ओठांकडे बघावं लागलं नाही. दुल्या.