कमलाचा पायगुण

वर्धा, ता. ८ मार्च १९५४

चि. सौ. भागीरथा हीस नत्थूदादाचे आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. सून आली, बैल मेला, मागून तुझे यजमान कवडूजी बैलबंडीवरून पडले. म्हणून कमला पांढऱ्या पायाची, आणि अक्षय तृतीयेआधी तिला कायमची माहेरी धाडायची, असं लिहितेस. प्रेमदास नवरा असून गप्प, हे त्याला शोभत नाही.

मी चौथी शिकलेला, कापसाच्या जिनातला फिटर. पण ह्यूम नावाच्या तत्त्वज्ञाला शब्दकोश घेऊन स्वतः वाचलं आहे. लोक त्याला इंग्रज समजतात, तो स्कॉटलंडचा. तो म्हणतो, एकामागून दुसरं घडलेलं आपण पाहतो. पहिल्यानं दुसरं घडवलं, हे कोणीच पाहिलेलं नसतं. ती गाठ आपलं मन सवयीनं मारतं. आमच्या जिनाचा भोंगा वाजतो, मग सूर्य उगवतो. भोंगा सूर्याला ओढून आणतो काय? बैलाचं पोट फुगलं होतं की नाही, ते आधी कळव.

माझ्यावर लोभ आहेच. थोडा सुनेवरही कर.

नत्थू

अल्लीपूर, ता. १५ मार्च

ती. स्व. दादास भागीरथाचा नमस्कार, वि. वि.

पोट फुगलं होतं. पन काऊन फुगलं, हे तुमचा ह्यूम सांगते काय? शेजारची तानाबाई तोंडावर म्हनून राह्यली, का आता घरधन्याची पाळी. तुमाले भोंगा सुचते, मले कुंकवाचं भेव हाये. एवढा भरोसा असन तर कमलाले तुमच्याच घरी ठेवून पाहा. प्रेमदास आनून सोडते.

वहिनीले नमस्कार. रागावू नोका, माया असू द्या.

तुमची भागी

वर्धा, ता. २९ मार्च

चि. सौ. भागीरथा हीस आशीर्वाद, वि. वि.

कमला पोचली. प्रेमदास ओट्यावरूनच परतला, चहासुद्धा घेतला नाही.

त्याच संध्याकाळी तुझी वहिनी न्हाणीत घसरली. उजवं मनगट मोडलं. न्हाणीत शेवाळ होतं, कमला येण्याच्या कितीतरी आधीपासून. हे मी रोज पाहत होतो. तरी बायकोला उठवायच्या आधी माझी नजर कमलाच्या पायांकडे गेली, आणि ते पोरीनं पाहिलं. सवय म्हणजे काय, हे पुस्तकात मला इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

ती भाकऱ्या थापते, वहिनीची वेणी घालते, माझ्यासमोर येत नाही. काल आपली पेटी बांधून बसली. हात माझा मोडला, पोरगी कुठं जाणार नाही, असं तुझी वहिनी म्हणाली. मला विचारलं नाही.

तानाबाईला यात पुरावाच सापडेल, हे जाणून लिहिलं आहे. पण अर्धवट लिहिणं मला जमत नाही. काय ठरवतेस ते कळव. भावावरचा लोभ कमी करू नकोस.

नत्थू

अल्लीपूर, ता. ४ एप्रिल

ती. स्व. दादास नमस्कार, वि. वि.

तानाबाईले काई सांगितलं नाई. एवढं वाचून तुमी तिच्या पायाकडं पाह्यलं, तं आमी कोन? पन वहिनीनं हात मोडून बी पोरीले धरून ठेवलं, अन् माझे दोन्ही हात धड हायेत.

रामनवमी झाली का मीच येतो. प्रेमदासले आनतो; चाल घरी, असं त्यानंच तिले म्हनलं पाह्यजे. अल्लीपुरात आमी सासू-सुना हात धरून एकाच वक्ती उंबरठा ओलांडतो. मंग घरात काईबी होवो, कोनाच्या पायानं झालं ते तानाबाईनं निवडून दाखवावं.

वहिनीले जपजा. आमच्यावरची माया आटू देऊ नोका.

तुमची भागी