शाबूत शेपटी

गेल्या सोमवारी सकाळी देवाचे नाव घेऊन मी रंगखान्यामागच्या शेवटच्या टाकीवर माशांना खायला घालायला गेलो, आणि शेपटी तुटलेल्या माशाची शेपटी मला शाबूत दिसली. हे मृत्युपत्र त्या सकाळमुळे लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे आणि मागे उभे राहून कोणी हे लिहून घेत नाही.

१. राहते घर बायकोला. स्वयंपाकघराचे गळके छप्पर मी दुरुस्त केले नाही, त्यावरचे बोलणे तिने पुढेही चालू ठेवावे. मला ते ऐकू येईल अशी आशा आहे.

२. रंगखाना वडिलांनी आम्हा दोघा भावांना निम्मा निम्मा दिला. कापड रंगवून उरलेले पाणी टाक्यांतून निवळत ओढ्यात जाते. शेवटच्या टाकीत मासे ठेवायचे, ते जगले तरच ओढ्याची झडप उघडायची, हा वडिलांचा नियम. ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीत माझी मुलगी दिली आहे. तिच्या घरची विहीर ओढ्याला लागून आहे आणि मुलगी सध्या दोन जिवांची आहे.

मी धाकट्याला विचारले, "मासे बदललेस?"

"दादा, मेले की नवे आणतो. तुझ्या छातीला त्रास नको म्हणून."

"आणि पाणी?"

"सगळेच सोडतात. आपणच कशाला साधू व्हायचं?"

"अरे, तुझी पुतणी तेच पिते."

तो जाळी झटकत म्हणाला, "तिला म्हणावं, उकळून पी."

उकळल्याने रंग जात नाही, उलट बसतो, हे मी रंगाऱ्याच्या मुलाला सांगायचे?

म्हणून माझा निम्मा हिस्सा मुलीला. पाणी शुद्ध करणारी नवी टाकी बसेपर्यंत कापडाला रंग लागू नये. बँकेतली सगळी शिल्लक त्या टाकीसाठी.

३. माशांची जाळी धाकट्याला. रागाने देत नाही. मेलेला मासा यापुढे त्याने लपवू नये. कामगारांना ओरडून दाखवावा. मोठ्या भावाची छाती जपली, तसे आता खालच्या वस्तीला जपावे.

४. एक धास्ती मात्र जात नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, झडप रोज उघडते. मी दवाखान्यात पडलो की कोण अडवणार? देवाला विचारले. तो माझ्या हातांकडे बघतो आहे असे वाटले.

तेव्हा आज सकाळी गवंड्याला घेऊन ओढ्याच्या काठी उतरलो. टाक्या भरल्या की काम आपसूक थांबेल. धाकटा वरून ओरडत होता, "दादा, धंदा बुडवतोस!" गवंड्याने थापी थांबवली. "मालक, तात्पुरतं करू का पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो. झडपेतून ओढ्यात पाणी सोडणाऱ्या पाइपाचे तोंड विटा-सिमेंटने बुजवले आहे. शेवटची वीट मी बसवली.

सही: रंगखान्याचा थोरला भागीदार
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), गवंडी (अंगठा, सिमेंटसकट)
स्थळ: रंगखान्याचा ओटा
दिनांक: ऑपरेशनच्या आदली दुपार