मास्तरांचा पोक

मी, व्यवसायाने ब्राँझचे व्यक्तिपुतळे घडवणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे हात थरथरतात; डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरांनी दोन्ही तपासले आहे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक पत्नीची. तिच्या हयातीत वाटणीचा विषय कोणी काढू नये. पुतळ्यांशी भांडणाऱ्या माणसाशी तिने संसार केला, हे थोडे नव्हे.

२. मातीकामाच्या कोरण्या सुनेला. घरात चेहरा वाचता येणारी ती एकटीच.

३. पुतळा समितीच्या अध्यक्षांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. त्यांचे भाषण मी एकदा ऐकले आहे. मेल्यावर तरी सुटका हवी.

४. कार्यशाळा व भट्टी मुलाला. मात्र मास्तरांच्या पुतळ्याचा साचा त्याला नाही. कारखान्याच्या संपात कामगारांचे पुढारपण करणारे मास्तर चौकात उभे आहेत. ज्या मालकाने कामगारांना उपाशी ठेवून तो संप मोडला, त्याचाही पुतळा आता समितीला हवा आहे, आणि तोही तातडीने. मुलगा म्हणाला, "बाबा, धड मास्तरांचंच ओतू, डोकं तेवढं मालकाचं बसवू. धंद्यात सगळेच करतात. खाली उभं राहून कोण बघतंय?"

मी बघतो! माणूस काय फक्त गळ्याच्या वर असतो? मास्तर पुतळ्यासाठी माझ्यासमोर उभे राहिले, तेव्हाही समितीला पाठ ताठ हवी होती. मास्तर म्हणाले, "पोक राहू दे रे बाबा. फुकट नाही मिळाला तो." जो जन्मात कोणासाठी वाकला नाही, त्या मालकाला हा पोक उसना द्यायचा?

माझ्यामागे साचा फोडावा, असे मी आधी लिहिले होते. ते वाचून मुलगा म्हणाला, "तुम्ही गेल्यावर बघू." या 'बघू'चा अर्थ बापाला कळतो. साचा दुसऱ्याकडे सोपवावा, तर आणखी एकाच्या प्रामाणिकपणावर भिस्त. म्हणून ते कलम रद्द करून साचा आजच साक्षीदारांदेखत फोडला. माझ्याने हातोडा उचलेना. मुलगा बाहेर निघून गेला. सून पुढे झाली. "बाबा, नक्की ना?" तिने दोनदा विचारले.

चौकातला पुतळा उद्या कोणी पाडला, तर मास्तर पुन्हा उभे करता येणार नाहीत. हे पुरते जाणून खाली सही करतो.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार:
१. (सही) शेजारचे डॉक्टर
२. (सही) भट्टीवरचा ओतारी

ठिकाण: कार्यशाळा
तारीख: ७ फेब्रुवारी