रुमालाखालचा सौदा

१० फेब्रुवारी १९७५, सोमवार

हॉस्पिटलात दाखल. कारण किरकोळ. दिवाळीपासून आवाज बसलाय. एवढी वर्षं मार्केट यार्डात लिलाव पुकारतोय, ज्वारीची धूळ गेली असेल घशात, दुसरं काय! मोठ्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं, तुकडा काढून तपासला आणि एक इंग्रजी शब्द उच्चारला. तो शब्द मी या डायरीत लिहिणार नाही. डायरी खत कंपनीनं फुकट दिली म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं? 'गाठ' म्हणायचं. विषय संपला.

दीड महिना लाईट घ्यायची. म्हणजे मशीनखाली निजवून गळ्यावर शेक देतात. गाठ विरघळली तर आवाज वाचला. नाही विरघळली तर ऑपरेशन, आवाजाची पेटीच काढून टाकतात आणि गळ्याला भोक. हे दुसरं मी ऐकलंच नाही असं धरलंय. पाडव्याच्या मुहूर्ताचा लिलाव दरसाल भीमाशंकरच्या, म्हणजे माझ्या, आवाजात सुटतो. यंदाही सुटणार.

अटी दोन. बोलायचं नाही. बिडी ओढायची नाही. पहिली जरा जड जाईल.

बायकोला, महादेवीला, सांगितलं, टॉन्सिल्स. बायकांना खरं सांगू नये, धीर सुटतो. ती 'बरं' म्हणाली आणि तांब्या घेऊन पाण्याला गेली. बराच वेळ आली नाही. नळाला गर्दी असेल. आली तेव्हा डोळे लाल. इथल्या फिनेलचा वास भलताच उग्र आहे.

११ फेब्रुवारी, सकाळी

बिडी सोडली. कायमची. विलपॉवर असली की झालं.

त्याच दिवशी, दुपारी

हॉस्पिटलच्या धोबीघाटामागे एक. ओढली म्हणता येणार नाही. पेटली होती, हातात होती, इतकंच.

१३ फेब्रुवारी

सिस्टर दाक्षायणी. होटगीची, वडील रेल्वेत. अंगानं बारीक, पण चालते कशी, तर मालगाडी वेळेवर सुटल्यासारखी. माझ्या उशीखालची बंडलं बाहेर काढली. मला वाटलं आता फेकणार. तर म्हणाली, "आप्पा, मी काय पोलीस न्हाई. ह्या मी घेनार न्हाई."

शेजारच्या कॉटवर कुंडलिक म्हणून करकंबचा ऊसवाला आहे. तंबाखूनं जिभेला जखम झाली, त्यालाही माझ्यासारखीच गाठ. सिस्टरनं माझ्या बिड्या त्याच्या ट्रंकेत ठेवल्या आणि त्याची तंबाखूची पिशवी माझ्या पेटीत. म्हणाली, लागली की एकमेकाला मागायची. मागावी लागली की माणूस जरा थांबतो. थांबला की निम्मं काम झालं.

खरी गोष्ट माझ्या लगेच ध्यानात आली. वॉर्डात जबाबदार माणूस एकच. कुंडलिकला सुधारायचं काम तिनं माझ्यावर सोपवलंय, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून ही अदलाबदल. हुशार बाई.

१४ फेब्रुवारी

अडचण. मला बोलायची बंदी, कुंडलिकची जीभ सुजलेली. मागायचं कसं?

मार्ग मीच काढला. उपरणं. वडिलांच्या काळी आडतीत सगळा व्यवहार रुमालाखाली व्हायचा, बैलबाजारात अजून होतो. दोघांचे हात फडक्याखाली, बोट धरलं की आकडा. एक बोट एक, दोन बोटं दोन, अख्खा पंजा पाच. बघणाऱ्याला ओ की ठो कळत नाही. कुंडलिकनं चार बैल विकलेत, त्याला सगळं येतं.

मी पंजा धरला. त्यानं एक बोट. मी चार. त्यानं दोन. तिनावर सौदा तुटला, म्हणजे ठरला. बदल्यात त्याला तंबाखूच्या दोन चिमट्या. पहिल्याच सौद्यात नफा. हात अजून गेलेला नाही.

१७ फेब्रुवारी

लाईट सुरू. दुखत नाही. मशीन घूं करतं, आपण छताकडे बघायचं. खोलीत कुणी थांबत नाही, सगळे दार लावून बाहेर. तेवढा वेळ मनात लिलाव पुकारला. आज गिऱ्हाईक कुणी बोलेचना.

२० फेब्रुवारी

सिस्टर रोज सकाळी विचारते, "आप्पा, काल किती?" मी मूठ दाखवतो, म्हणजे शून्य. ती 'बरं' म्हणते. चेहऱ्यावरून माल ओळखणारा मी, पण हिच्या 'बरं'चा भाव लागत नाही.

आज तिनं मला खोल श्वास घ्यायला शिकवला. तलफ आली की दीर्घ श्वास, मग घोट घोट पाणी, मग कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालायचं. चाललो. कॉरिडॉर धोबीघाटापाशी संपतो, यात माझा दोष नाही.

२६ फेब्रुवारी

थुंकीत लाल. पान खाल्लं असणार.

पान खाल्लेलं आठवत नाही.

३ मार्च

गेल्या आठवड्यात महादेवीनं कडक भाकरी न् शेंगाचटणी आणली. माझी आवडती. तिला म्हटलं (म्हणजे पाटीवर लिहिलं) भूक नाही, यार्डातल्या पोरांनी भजी आणली होती. कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती न विचारता पातळ आंबील आणायला लागली. हिला कसं कळलं?

पाडव्याला फेटा कुठला बांधायचा ते ठरवलं. गुलाबी.

७ मार्च

कुंडलिक धंद्याला अगदीच कच्चा. मी चार मागितल्या, त्यानं चार दिल्या. घासाघीसच नाही! बदल्यात तंबाखू घेतोस का विचारलं, तर मान हलवली, नको. गेले कितीक दिवस त्यानं चिमूटसुद्धा मागितलेली नाही. पिशवी माझ्या पेटीत तशीच फुगलेली. फुकटात माल सोडणारा शेतकरी मी जन्मात पाहिला नव्हता. शेती बुडणार याची.

११ मार्च, महाशिवरात्र

आता मात्र ठाम. सकाळी कपाळाला इभूत लावली, गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन शपथ घेतली. आजपासून बिडी बंद. बघायला सिस्टर उभी होती, तिनं हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या.

संध्याकाळी मशीनवरून येताना आरशात बघितलं. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडलीय. भीती वाटली. खोटं कशाला लिहू, फार वाटली. अशा वेळी माणसाला आधार लागतो. लिंग काढून महादेवीकडे दिलं, म्हटलं मशीनमुळे खराब होईल. मग धोबीघाट.

म्हणजे शपथ मोडली असं नाही, कारण ती ज्याच्यावर घेतली ते गळ्यात नव्हतं.

१२ मार्च

मूठ दाखवली. सिस्टर 'बरं' म्हणाली नाही. कॉटवर बसली. असं कधी बसत नाही. म्हणाली, "आप्पा, मला खोटं सांगा. मला काय व्हनार न्हाई. पन ही लाईट घशात जातीय, तिला धूर आडवा येतोय. लाईट सुरू असताना बिडी वडली की गाठ जळत न्हाई, तुमीच जळताय."

मी पाटीवर लिहिलं, 'कोण ओढतंय?'

तिनं पाटी वाचली, पुसली, माझ्या हातात परत दिली आणि पुढच्या कॉटकडे गेली. जरा ओव्हरॲक्टिंग वाटलं.

रात्रभर खोकलो.

१८ मार्च

आज ओढली नाही. खरंच. संध्याकाळपर्यंत.

२७ मार्च

लाईट संपली. उद्या दोघांचीही तपासणी. मी पास होणार. कुंडलिकचं सांगता येत नाही, त्याच्यामागे लागायला मला तितका वेळ मिळाला नाही. तशी वेळ आली तर त्याला धीर कसा द्यायचा ते ठरवून ठेवलंय.

२८ मार्च

कुंडलिकची जखम भरली. पुढच्या महिन्यात दाखवायला यायचं, पण आज घरी.

माझ्या घशात डॉक्टर फार वेळ आरसा धरून बसले. मग इंग्रजीत बोलले. मला नाही, सिस्टरला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कुंडलिक निघाला. मी त्याची तंबाखू परत केली. माणूस प्रामाणिक असावा. त्यानं पिशवी घेतली नाही. जीभ आता बरी वळते त्याची. म्हणाला, "सावकार, आता मला ती न्हाय लागत. रोज तुमाला बिडी देताना माझं काळीज तुटायचं. सिस्टर म्हनल्या व्हत्या, ह्यांना जरा धरून ऱ्हावा, रोज एक कमी करा. पन तुमी असं बोट आवळायचा, जनू पान्यात बुडतोय मानूस. मला न्हाय म्हनवलंच न्हाय. मी कच्चा पडलो, सावकार. माफी करा."

आणि रडायला लागला. करकंबचा एवढा थोराड गडी, माझ्या पायाशी बसून रडतोय! माझ्याच बिड्या मी त्याच्याकडून विकत घेत होतो, आणि रोज रात्री इथे नफा मांडत होतो.

म्हणजे वॉर्डातला जबाबदार माणूस तो होता काय?

२ एप्रिल

महादेवीला म्हटलं, सांगू नको कुणाला, टॉन्सिल्स जरा वाढलेत. ती कानडीत म्हणाली, "साकु री." म्हणजे पुरे झालं. पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. सिस्टरनंच सांगितलं होतं, आणि रोज कॉरिडॉरमध्ये तिला शिकवत होती, गळ्याच्या भोकातली नळी कशी साफ करायची, आंबील किती पातळ. मी धोबीघाटामागे होतो तेव्हा.

लिंग तिनं पदराला बांधून ठेवलंय. मागायची हिंमत झाली नाही.

११ एप्रिल, पाडव्याचा आदला दिवस

उद्या यार्डात लिलाव. कुणीतरी दुसरा पुकारेल. मंगळवारी माझं ऑपरेशन.

दुपारी सिस्टर आली. पाटी घेऊन बसली, ऑपरेशननंतर काय होणार ते सगळं सांगितलं. श्वास कुठून, जेवण कसं, कफ कसा काढायचा. आणि तो शब्द म्हणाली, सरळ तोंडावर. "आप्पा, कॅन्सर हाय. आवाज जाईल, तुमी न्हाई." इतके दिवस कुणी म्हटलं नव्हतं. छातीवरचं पोतं कुणी उतरवल्यासारखं झालं आणि लगेच बिडी आठवली.

मग मी काय केलं? दोन महिन्यांची सवय. उपरणं पुढे केलं. फडक्याखाली तिचा हात घेतला आणि एक बोट धरलं. एक. शेवटची एकच बिडी, तिच्या परवानगीनं. मंगळवारच्या आधी.

तिनं हात सोडवला नाही. उलट माझा अख्खा पंजा दोन्ही हातांत धरला.

मी चक्रावलो. एकाला पाच? वर दुसरा हात कशाला? दोन हातांचा भाव आमच्यात नाही. मी पुन्हा एक बोट धरलं, तिनं पुन्हा सगळा हात. मनात हिशेब मांडत राहिलो, ही चढवतेय की उतरवतेय. बराच वेळ गेला. मग कळलं, हिला रुमालाची भाषा येतच नाही. ती भाव सांगत नव्हती. नुसता हात धरून बसली होती.

गळ्यातून आवाज निघाला नाही. डोळ्यांतून मात्र निघालं सगळं.

कुंडलिकनं जाताना ठेवलेलं, उशीखालचं उरलेलं बंडल तिच्या हाती दिलं. संध्याकाळी तलफ आली तेव्हा धोबीघाटाकडे गेलो. तिथे महादेवी उभी, हातात तांब्या.

घोट घोट पाणी प्यायलो.