सबासाठी मुकं घर

सल्त,
ऑगस्टचा शेवटचा आठवडा

प्रिय रुवैदा,

हे पत्र तुझ्या हाती देणाऱ्या मुलीला आधी आत बसव. तिचं नाव लमीस. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची लेक. अम्मानबाहेर टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी एक निवारा आहे, तिथे ती राबते. सत्तेचाळीस वर्षांनी मुन्झिरचं पत्र यावं आणि तेही कुत्रेवाल्या पोरीच्या हातून, याचं तुला हसू येईल. हस. इर्बिदच्या अध्यापक विद्यालयात मी कविता म्हणताना एक ओळ गाळली होती, तेव्हा तू तोंडावर वही धरून हसली होतीस. ती वही कुठल्या रंगाची होती, हेसुद्धा मला आठवतं. पण ते असू दे.

तुझे यजमान गेल्याचं मला दोन वर्षांपूर्वीच कळलं. सांत्वनाचं पत्र चारदा लिहिलं. दर वेळी त्यात कुठूनतरी कविता शिरली आणि मी ते फाडलं. मागच्या हिवाळ्यात माझी बायको, उम्म सुहैबही गेली. मुलगा सुहैब कुवेतमध्ये असतो, शुक्रवारी फोन करतो. बाकी दिवस घरात मी आणि भिंती. वसंतात लमीस आली आणि म्हणाली, "काका, बाबा म्हणतात सल्तमध्ये उस्तादांच्या घराइतकं शांत घर दुसरं नाही. एक कुत्री आहे. कुणीतरी छऱ्याच्या बंदुकीनं तिच्यावर नेमबाजी शिकलंय. आमच्याकडे चाळीस कुत्री दिवसभर भुंकतात, ही भिंतीला नाक लावून उभी राहते. खात नाही. डॉक्टर म्हणतात, शांत घर मिळालं नाही तर महिनाही काढायची नाही. तुम्ही पाळू नका, नुसती सांभाळा. जरा माणसात आली की कायमचं घर आम्ही शोधू." छत्तीस वर्षं वर्गात ओरडलेल्या माणसाला शांत म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

तिचं नाव मी सबा ठेवलं. पूर्वेकडून येणारी ती झुळूक, जुन्या कवींची लाडकी, प्रियेच्या गावाकडची खबर आणणारी. प्रत्यक्षात सबा म्हणजे मातकट रंगाची, एक कान फाटलेली, मागच्या पायानं लंगडणारी. वरच्या पायरीवरच्या घरात राहणाऱ्या उम्म फवाझनं पहिल्याच दिवशी खिडकीतून बजावलं, "अबू सुहैब, घरात कुत्रं आलं की फरिश्ते दारावरूनच परत जातात हो!" मी म्हणालो, "मग मरणाचा फरिश्ताही परत जाईल, बरंच झालं." तर म्हणते, "त्याची काळजी करू नका, त्याला कुत्र्याबित्र्याचं काही वाटत नाही." पण दुसऱ्या दिवसापासून कोंबडी उकडलेलं पाणी वाडग्यात घालून दारात ठेवायला लागली. वाडगा परत नको म्हणाली, तेवढं सोवळं तिनं राखलं.

अकरा दिवस सबा पलंगाखालून निघाली नाही. मला सवय आहे ना, सकाळी खिडकीशी उभं राहून, हात मागे बांधून, नववीच्या वर्गाला शिकवायचो त्या कविता म्हणायची. बाराव्या दिवशी पलंगाखालून एक पंजा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी दोन. मी चाल बदलली की पंजे आत, ठेक्यात म्हटलं की बाहेर. जूनमध्ये ती माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपायला लागली. लमीसनं बघितलं आणि डोळे पुसत म्हणाली, "काका, औषधाच्या बाटल्यांवर तुमचं नाव छापायला हवं." मी फुगलो, रुवैदा. कबूल करतो. इतका चांगला श्रोता मला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळाला होता.

मग तौजीहीचा, पोरांच्या बारावीचा, निकाल लागला. त्या दिवशी सल्तमध्ये भोंगे आणि फटाके कसे वाजतात ते तुला वेगळं सांगायला नको. लमीसनं आठवडाभर आधी ताकीद दिली होती, "तिला आतल्या खोलीत ठेवा, दार लावा, रेडिओ लावा." मी लोकरीची गादी आत नेली, खिडकीला घोंगडी लावली. सबा आत निजली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झालेल्या मास्तराकडे आता कोण येणार, असं मी धरून चाललो होतो. दुपारी खाली गाड्यांचे भोंगे वाजले आणि आठ-दहा पोरं पायऱ्या चढून आली. पुढे उम्म फवाझचा नातू, फवाझचा धाकटा. "उस्ताद, अरबीत अठ्ठ्याण्णव! तुमच्याच जुन्या वह्यांवरून केलं!" त्यानं माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं. कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, एक होऊन जाऊ दे!"

मी दार लावायला हवं होतं. आतली कडी बघायला हवी होती. मी उंबऱ्यावर उभा राहिलो, हात मागे बांधले आणि सुरू केलं. माझा आवाज ऐकून सबा आतल्या खोलीचं दार नाकानं ढकलून बाहेर आली, रोजच्यासारखी, माझ्या पायाशी. मला कळलंच नाही. शेवटची ओळ मी दोनदा म्हटली, टाळ्यांसाठी. आणि पोरांनी माझ्याच सन्मानार्थ पायरीवर फटाक्यांची माळ पेटवली.

सबा पळाली ती चार दिवसांनी दरीत एका पडक्या टाकीत सापडली. नखं उखडली होती. फवाझचा धाकटाच रडत रडत तिला कडेवर घेऊन आला. जखमा भरताहेत. पण आता मी कविता सुरू केली की ती लघवी करते. कविताच कशाला, नुसतं "सबा" म्हटलं तरी थरथरते. फटाके तिला माझ्या तोंडातून आले असं वाटत असेल, आणि तिचं काय चुकलं? तीन आठवडे मी घरात शब्द काढलेला नाही. खाणं ठेवून बाहेर पायरीवर येऊन बसतो, तेव्हा कुठे ती खाते. दारातल्या फटीतून मी बघतो. काल माझा खोकला ऐकून तिनं भाकरी सोडली. लमीस म्हणते, येत्या शनिवारपर्यंत दुसरं घर मिळालं नाही तर तिला पुन्हा त्या चाळीस भुंकणाऱ्यांत न्यावं लागेल. मग पुढचं डॉक्टर सांगून चुकले आहेत.

म्हणून हे पत्र. लमीसनं विचारलं, "तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का काका, जिथे दिवसभर फारसं कुणी बोलत नाही?" आणि मला अजलूनच्या ओकच्या झाडांतलं तुझं घर आठवलं, जे मी कधी पाहिलेलं नाही. तुझ्या वडिलांकडे मागणी घालायला मी माझी वडीलधारी माणसं पाठवायला हवी होती. मी पाठवल्या नुसत्या कविता, पानंच्या पानं, आणि तू एकाही पानाला उत्तर दिलं नाहीस म्हणून लोकांत तुला दगड म्हणत फिरलो. तू वाट बघत होतीस, हे मला तुझ्या लग्नानंतर कळलं. तर रुवैदा, तुझं ते न बोलता वाट बघणं आज मी मागतो आहे, आणि या खेपेस माणूस पाठवला आहे, नुसता कागद नाही. सबाला घे. ती पलंगाखाली जाईल, जाऊ दे. हाक मारू नकोस. जमणार नसेल तर लमीसला तसं सांग, मी काहीही म्हणणार नाही. जमत असेल तर शनिवारी ती सबाला घेऊन येईल. मी येणार नाही. माझा आवाज तिच्या कानांवर पडणार नाही इतक्या लांब राहणं, एवढंच आता तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे उरलं आहे.

तुझाच, उशिरा का होईना,
मुन्झिर