शाल-नारळ तुमच्या बॅगेत आहे

अहो,

मी निघाले. आपल्या इटली-मैत्री मंडळाची विमानतळावर जाणारी बस काळाचौकीच्या नाक्यावर उभी आहे. फ्रिजमध्ये बांगड्याचं तिखलं आहे, भात तुमचा तुम्ही लावा. दूध बंद केलंय. राहणारच असाल तर दूधवाल्याला तुम्हीच सांगा.

दक्षिण इटलीतल्या त्या गावच्या महापौरांचा सत्कार हितेंद्रभावजींच्या हस्ते ठरला, म्हणून तुम्ही रुसलात. मंडळ तुम्ही उभं केलंत, तेव्हा मान तुमचाच होता, हे मलाही कळतं. पण इटलीला यायचंच नाही म्हणणारा माणूस सकाळी उठून मिशीला कलप लावायला सलूनमध्ये जातो का?

तुमची बॅग भरून दाराआड ठेवलीय. पासपोर्ट वरच्या कप्प्यात आहे. सत्काराची शाल आणि नारळ मंडळाने माझ्याकडे सांभाळायला दिले होते, ते तुमच्या कपड्यांखाली घातलेत.

आत्ताच भावजींचा फोन आला होता, "वहिनी, नारळ घेतलात ना?" मी म्हटलं, "हे घेऊन येतायत."

चारचौघांत मला खोटं पाडू नका.

मालन